अक्षरांचा माग : प्रस्तावना

हा संग्रह इंग्रजी शब्दांचा आहे, पण नेहमीच्या कोशाप्रमाणे तो ‘ए’पासून सुरू होऊन ‘झेड’पाशी संपत नाही. येथे शब्द त्यांच्या पोटातल्या अक्षरांवरून एकत्र आणले आहेत. क्यू असूनही शेजारी यू नसलेले शब्द एका गटात आहेत, के-एन या जोडीने सुरू होणारे दुसऱ्या, मध्ये जी-एच दडलेले तिसऱ्या. पाच स्वरांपैकी एकही नसलेल्या शब्दांना वेगळे प्रकरण दिले आहे आणि बी-एच, डी-एच, के-एच या जोड्या असलेल्या शब्दांनाही. प्रत्येक शब्दापुढे मराठी अर्थ आहे आणि शक्य तेथे त्याच्या मुळाची एखादी ओळ. अशी मांडणी कशासाठी केली, तिच्यातून वाचकाच्या हाती काय येते आणि ती कशी वापरावी, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

पहिल्या अक्षरावरून शब्द शोधण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की ही रीत कधीकाळी लोकांना शिकवावी लागली असेल असे वाटतच नाही. 1604 साली रॉबर्ट कॉड्री या इंग्रज शिक्षकाने सुमारे 2500 अवघड शब्दांचा ‘अ टेबल अल्फाबेटिकल’ हा कोश काढला. इंग्रजी शब्दांचे अर्थ इंग्रजीतच देणारा तो पहिला छापील कोश मानतात. तो कसा वापरायचा हे कॉड्रीने वाचकाला आरंभीच समजावून सांगितले : शब्द ‘ए’ने सुरू होत असेल तर पुस्तकाच्या सुरुवातीला पाहा, ‘व्ही’ने होत असेल तर शेवटाकडे जा, आणि पहिल्यानंतर दुसरे अक्षरही ध्यानात घ्या. पुढे 1755 मध्ये सॅम्युअल जॉन्सनचा मोठा कोश आला. त्यात आय आणि जे यांचे शब्द एकाच क्रमात मिसळलेले आहेत, यू आणि व्ही यांचेही तसेच. कारण या जोड्यांतली अक्षरे वेगवेगळी मानण्याची रीत तेव्हा अजून पुरती रुळली नव्हती. एक्सने सुरू होणारा एकही इंग्रजी शब्द नाही, असेही जॉन्सनने नोंदवले. म्हणजे ज्या 26 अक्षरांची माळ आपण पहिलीत पाठ करतो, ती खुद्द इंग्रजांच्या कोशातही हळूहळू आणि उशिरा स्थिर झाली आहे.

पहिले अक्षर सोडून दुसऱ्या बाजूने शब्द लावण्याचा प्रयत्नही जुना आहे. 1775 साली जॉन वॉकरने शब्दांच्या शेवटच्या अक्षरापासून मागे येत कोश रचला. कवींना यमके सापडावीत हा त्याचा एक हेतू होता. पण एकाच प्रत्ययाचे सगळे शब्द एकत्र आल्याने स्पेलिंग आणि उच्चार शिकणाऱ्यांचीही त्यातून सोय झाली. आपल्याकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये निघाला, त्याची सुधारलेली आवृत्ती 1857 मध्ये, आणि कँडी यांनी सिद्धीस नेलेला इंग्रजी-मराठी कोश 1847 मध्ये. या थोर ग्रंथांनी घालून दिलेली वाट पहिल्या अक्षराची होती आणि पुढचे बहुतेक सगळे कोश त्याच वाटेने गेले. शब्द आधी माहीत असेल तर ती वाट उत्तम. पण शब्द अर्धवट आठवतो, एखादे अक्षर तेवढे दिसते, किंवा एकाच ठेवणीचे अनेक शब्द एकदम पाहायचे असतात, तेव्हा वॉकरने केली तशी वेगळी रचनाच हाताशी असावी लागते.

मराठी वाचकाला तिची गरज इंग्रज वाचकापेक्षा अधिक आहे. देवनागरीत लिहिलेले आपण जवळजवळ जसेच्या तसे वाचतो. र्‍हस्व-दीर्घाचे आणि च-ज-झ यांच्या दुहेरी उच्चारांचे प्रश्न सोडले, तर अक्षर आणि ध्वनी यांची फारकत मराठीत थोडी. इंग्रजीत 26 अक्षरांवर सुमारे 44 ध्वनींचा भार आहे. ओ-यू-जी-एच ही चार अक्षरे ‘दो’ म्हणजे ‘तरी’ या शब्दात एक बोलतात, ‘थ्रू’ म्हणजे ‘मधून’ या शब्दात दुसरे, ‘कफ’ म्हणजे खोकला यात तिसरे, ‘रफ’ म्हणजे खडबडीत यात चौथे, आणि ‘बाउ’ म्हणजे झाडाची फांदी यात पाचवे. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. तेव्हापासून वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांतही सहा वर्षांचे मूल या गुंत्यासमोर उभे असते. त्याच्या हाती आपण देतो ती घोकंपट्टी. ‘नाइफ’मध्ये के कशाला, असे त्याने विचारले, की ‘असतो तसा, पाठ कर’ हे उत्तर मिळते. पण त्या प्रश्नाला खरे उत्तर आहे. इंग्रजी शब्दातली अक्षरे आजचा उच्चार सांगायला कमी पडतात, मात्र तो शब्द कुठून आला, कोणाच्या हातून गेला आणि वाटेत काय झाले हे ती पुष्कळदा सांगतात. म्हणूनच सारख्या अक्षरांचे शब्द शेजारी ठेवले, की त्यांचे अर्थ आणि मूळही एकमेकांवर प्रकाश टाकू लागतात. हा संग्रह याच एका विश्वासावर उभा आहे.

त्या के-पासूनच सुरुवात करू. ‘नाइफ’ म्हणजे सुरी, ‘नॉट’ म्हणजे गाठ, ‘नी’ म्हणजे गुडघा, ‘नो’ म्हणजे जाणणे, ‘नाइट’ म्हणजे सरदार योद्धा : या सगळ्यांच्या आरंभी के आहे आणि आज तो मुका आहे. जुन्या इंग्रजीत तो स्पष्ट उच्चारला जात असे. सतराव्या शतकाच्या सुमारास तो जिभेवरून गेला, कागदावर राहिला. जर्मन लोक गुडघ्याला आजही ‘क्नी’च म्हणतात. आता हाच ‘नी’ संस्कृतातल्या ‘जानु’शेजारी ठेवून पाहा. आजानुबाहू म्हणजे ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो. तिथला ‘जानु’ आणि इंग्रजी ‘नी’ एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. ‘नो’ आणि आपला ‘ज्ञा’ धातू, म्हणजे ज्ञान, जाणणे, जाणता, हेही तसेच सगोत्र. इंग्रजीतला मुका के आणि ‘ज्ञा’, ‘जानु’ यांतला ज एकाच जुन्या ध्वनीच्या जागी उभे आहेत. एकदा हे कळले की ‘नो’च्या स्पेलिंगमधला के विसरायचा म्हटले तरी विसरता येत नाही.

जी-एचची गोष्ट अशीच. ‘नाइट’ म्हणजे रात्र, ‘एट’ म्हणजे आठ, ‘डॉटर’ म्हणजे मुलगी, ‘लाइट’ म्हणजे हलका, या शब्दांत जी-एच ऐकू येत नाही. पूर्वी तेथे घशातून घासत निघणारा एक ध्वनी होता. स्कॉटलंडमध्ये तळ्याला ‘लॉख’ म्हणतात त्यात तो अजून टिकून आहे. याच चार शब्दांची संस्कृत भावंडे पाहा : नक्त, अष्ट, दुहिता, लघु. नक्तव्रत करणारी आजी रात्री एकदाच जेवते. त्या ‘नक्त’मधला क जिथे आहे, तिथेच इंग्रजी ‘नाइट’मध्ये जी-एच बसला आहे. मात्र प्रत्येक जी-एच इतका जुना आणि खरा नाही. ‘डिलाइट’ म्हणजे आनंद हा शब्द फ्रेंचमधून आला. त्यात जी-एच मुळात नव्हता; ‘लाइट’च्या सारखेपणामुळे तो पुढे चिकटला. ‘घोस्ट’ म्हणजे भूत यातला एच तर छापखान्याच्या काळात आला. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, त्याआधी तो बरीच वर्षे फ्लेमिश मुलखात राहिला होता. तिकडच्या लेखनाची सवय या स्पेलिंगमध्ये उतरली असे मानतात. म्हणून या संग्रहात मूळचा जी-एच आणि मागाहून आलेला जी-एच असे दोन पोटगट केले आहेत.

काही अक्षरे विद्वानांनी मुद्दाम घातली. ‘डेट’ म्हणजे कर्ज आणि ‘डाउट’ म्हणजे शंका हे शब्द फ्रेंचमधून आले तेव्हा त्यांत बी नव्हता. लॅटिन मूळ शब्दांत बी आहे असे पाहून लॅटिनच्या अभिमान्यांनी तो परत बसवला. लोकांनी तो कधी उच्चारला नाही. ‘आयलंड’ म्हणजे बेट हा शब्द तर अस्सल जुना इंग्रजी, लॅटिनशी त्याचा संबंध नाही. फ्रेंचमधून आलेल्या ‘आइल’ या समानार्थी शब्दाशी त्याचे नाते असावे अशा समजुतीने त्यात एस घुसला आणि चुकीचा असूनही कायम झाला. मुकी अक्षरे पाठ करताना कंटाळणाऱ्या विद्यार्थ्याला एवढे जरी सांगितले, तरी त्या अक्षराकडे तो वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

क्यूचे प्रकरण या संग्रहातले सर्वांत समाधान देणारे आहे. इंग्रजीत क्यूच्या पाठोपाठ यू येणारच, असा नियम शाळेत सांगतात. या नियमाला इतिहास आहे. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी जुन्या इंग्रजीतील सी-डब्ल्यू ही जोडी काढून तिच्या जागी क्यू-यू लिहायला सुरुवात केली. राणी या अर्थाचा ‘क्वीन’ आणि चपळ या अर्थाचा ‘क्विक’ हे अस्सल इंग्रजी शब्द असे क्यूच्या पंगतीत आले. मग यूशिवायचा क्यू येतो कुठून? बहुतांशी अरबीतून. अरबीत ‘काफ’ नावाचे कंठाच्या खोल भागातून उच्चारायचे अक्षर आहे, आणि रोमन लिपीत ते क्यूने लिहितात. इंग्रजी कोशांत आज कव्वाली आहे, फकीर आहे, तलाक आहे, काजी आहे, बुरखा आहे, नकाब आहे; हे सारे शब्द यूविना क्यूने लिहिलेले सापडतात. इंग्रजांच्या मुलांना जे शब्द विचित्र म्हणून पाठ करावे लागतात, ते मराठी माणूस रोजच्या बोलण्यातून ओळखतो. याच गटातला ‘कनात’ म्हणजे डोंगरातले पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून वस्तीपर्यंत आणणारी व्यवस्था. मलिक अंबरने सतराव्या शतकात खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बांधलेली नहर-ए-अंबरी याच तत्त्वावर चालत असे. या गटातला ‘ची’ हा दोन अक्षरी शब्द मात्र चिनी आहे. त्याचा अर्थ प्राणशक्ती, आणि तेथे क्यूचा उच्चार च होतो. एवढ्या छोट्या शब्दातही त्याचे मूळ स्पष्ट दिसते.

वाय, एक्स, पी-एच आणि आर-एच ही पुष्कळदा ग्रीक शब्दांची लक्षणे. ‘मिथ’ म्हणजे पुराणकथा, ‘हिम’ म्हणजे स्तोत्र, ‘क्रिप्ट’ म्हणजे चर्चखालचे तळघर, ‘निंफ’ म्हणजे वनदेवता, ‘लिंक्स’ म्हणजे रानमांजराच्या जातीचा एक प्राणी, ‘रिदम’ म्हणजे लय : या शब्दांत ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही स्वर नाही, त्यांचे काम वायने केले आहे. ग्रीकमधले एक स्वराक्षर रोमनांनी वाय म्हणून घेतले, म्हणून हे असे. या गटातला माझा सर्वांत आवडता शब्द ‘सिझिजी’. सहा अक्षरे, त्यांत तीन वाय, आणि अर्थ असा की तीन आकाशस्थ गोल एका रेषेत येणे. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी अमावास्येला व पौर्णिमेला जवळजवळ एका रेषेत येतात, तो सिझिजी. वेल्श भाषेत डब्ल्यूही स्वराचे काम करतो. त्यामुळे तिच्यातून आलेला ‘कूम’ हा शब्द सी-डब्ल्यू-एम एवढ्याच अक्षरांत लिहितात. त्याचा अर्थ डोंगराच्या कुशीतली खोलगट दरी. एव्हरेस्टच्या मोहिमांची वर्णने वाचणाऱ्या मराठी वाचकाला ‘वेस्टर्न कूम’ ठाऊक असते. ते नाव जॉर्ज मॅलरीने 1921 च्या पाहणीत दिले.

जॉन्सनने ज्या एक्सला इंग्रजीत आरंभाची जागा नाही म्हटले, त्याने पुढच्या शतकांत ती मिळवली, पण ग्रीकचे बोट धरून. ‘झायलोफोन’ म्हणजे लाकडी पट्ट्यांचे वाद्य. त्यात लाकूड आणि ध्वनी असे दोन ग्रीक शब्द आहेत. ‘झेनोफोबिया’ म्हणजे परक्यांविषयीची भीती किंवा द्वेष. 1898 मध्ये सापडलेल्या वायूचे ‘झेनॉन’ हे नावही त्याच ‘परका’ या अर्थाच्या शब्दावरून. आणि गावोगावच्या पाट्यांवर मराठी झालेला ‘झेरॉक्स’? त्याच्या मुळाशी कोरडा या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. चेस्टर कार्लसनने 1938 मध्ये शोधलेल्या या प्रतिकरणात ओली रसायने लागत नाहीत, म्हणून ते नाव.

झेडकडे इंग्रजांनी बरीच शतके उपऱ्यासारखे पाहिले. शेक्सपियरच्या ‘किंग लियर’मध्ये एक पात्र दुसऱ्याला ‘झेड’ म्हणून शिवी देते, अनावश्यक अक्षर अशा अर्थाने. पण जगाच्या गणिताला सर्वांत आवश्यक असलेला शब्द याच अक्षराने सुरू होतो. आपल्या ‘शून्य’ या शब्दाचा अरबांनी ‘सिफ्र’ असा अनुवाद केला, तो लॅटिन आणि इटालियनमधून जात ‘झीरो’ झाला. त्याच ‘सिफ्र’पासून दुसऱ्या वाटेने ‘सायफर’ म्हणजे गुप्तलेखन हा शब्द आला. दोन झेड शेजारी दिसले तर इटलीची आठवण ठेवावी : ‘पिझ्झा’, चौक या अर्थाचा ‘पियाझ्झा’, दोन मजल्यांमधला अर्धा मजला या अर्थाचा ‘मेझनीन’. नियम सरसकट नाही. ‘बझ’ म्हणजे गुणगुण हा शब्द निव्वळ आवाजावरून बनला आहे.

बी-एच, डी-एच आणि के-एच या जोड्या आपल्या विशेष जिव्हाळ्याच्या. भ, ध, ख हे महाप्राण इंग्रजीत स्वतंत्र ध्वनी म्हणून नाहीत. म्हणून इंग्रजी शब्दात बी-एच किंवा डी-एच दिसले तर बहुधा दोनच शक्यता उरतात. एक, तेथे दोन तुकडे जोडलेले असतात : ‘अब्हॉर’ म्हणजे तिरस्कार करणे यात लॅटिन उपसर्ग संपतो तेथे बी आणि मूळ शब्द सुरू होतो तेथे एच, ‘अ‍ॅडहिअर’ म्हणजे चिकटून राहणे, ‘चाइल्डहुड’ म्हणजे बालपण, यांतही तोच सांधा. दुसरी शक्यता, तो शब्द आपल्याकडून गेला आहे : भांग, भजी, धोती, धोबी, धर्म, जोधपूरवरून ‘जॉधपर्स’ ही घोडेस्वारीची तुमान. दोन वर्ण एकत्र येऊन होणाऱ्या बदलाला पाश्चात्त्य भाषाशास्त्रज्ञही ‘संधी’च म्हणतात, आणि तो शब्दही डी-एचसह इंग्रजी कोशात आहे. के-एच अरबी आणि रशियन शब्दांतही येतो, तरी ‘खाकी’ आपल्या ओळखीचा. ‘जिमखाना’ हा शब्द तर मुंबई इलाख्यातच घडवला गेला असावा, असे ‘हॉब्सन-जॉब्सन’ या 1886 च्या प्रसिद्ध कोशाच्या कर्त्यांनी, यूल आणि बर्नेल यांनी, नोंदवले आहे. चेंडूच्या खेळाचे ‘गेंदखाना’ आणि इंग्रजी व्यायामाचे ‘जिम’ यांचा तो मेळ. या जोड्यांत न बसणारा, पण मराठीने दिलेला एक शब्दही सांगायला हवा : ‘मंगूस’, म्हणजे आपले मुंगूस.

अक्षरांच्या या अभ्यासाला दुसरी बाजू आहे ती मोजणीची. कोणते अक्षर किती वेळा येते, हे मोजले तर गुप्तलेख उलगडता येतो, हे नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने लिहून ठेवले. इंग्रजी गद्यात शंभर अक्षरांमध्ये बारा-तेरा वेळा ई येतो. झेड हजारात एकदाही येईल याची खात्री नाही. एडगर अ‍ॅलन पोच्या ‘द गोल्ड बग’ या 1843 च्या कथेत आणि शेरलॉक होम्सच्या नाचणाऱ्या आकृत्यांच्या 1903 च्या कथेत गूढ उकलते ते या ईच्या वारंवारतेवरूनच. मोर्स आणि त्याचा सहकारी व्हेल यांनी तारेची संकेतलिपी रचताना छापखान्यातल्या खिळ्यांच्या प्रमाणाचा आधार घेतला, म्हणून ईला एकच ठिपका आणि टीला एकच रेघ मिळाली. शब्द शोधणाऱ्याने एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. सलग मजकुरातली मोजणी आणि कोशातली मोजणी सारखी नसते. मजकुरात टी आणि एच फार येतात, कारण ‘द’सारखे शब्द ओळीओळीला लागतात, कोशात ‘द’ एकदाच येतो, म्हणून तेथे एच बराच खाली घसरतो.

या मोजणीतूनच खेळ जन्मले. 1930 नंतरच्या मंदीत काम गेलेला न्यूयॉर्कचा वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स याने वर्तमानपत्रांतली अक्षरे मोजली आणि त्या प्रमाणावर एक खेळ बेतला. तोच पुढे 1948 मध्ये ‘स्क्रॅबल’ या नावाने बाजारात आला. त्याच्या इंग्रजी संचातल्या शंभर सोंगट्यांत ईच्या 12 आहेत आणि गुण एक. क्यू आणि झेडची प्रत्येकी एकच, गुण दहा. एसच्या सोंगट्या त्याने मुद्दाम चारच ठेवल्या, नाहीतर प्रत्येक नामाचे अनेकवचन करून खेळाडू मोकळे झाले असते. त्याआधी 21 डिसेंबर 1913 रोजी आर्थर विनने ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिले शब्दकोडे दिले होते. त्याच्या मराठी अवतारात आपण चौकोनात पूर्ण अक्षर, काना-मात्रेसह, भरतो. इंग्रजी कोड्यात एक सुटे अक्षर भरावे लागते, आणि म्हणून तेथे ‘तिसरे अक्षर एक्स असलेला पाच अक्षरी शब्द’ असा शोध लागतो. 2021 मध्ये जॉश वॉर्डलने लोकांपुढे आणलेला ‘वर्डल’ हा पाच अक्षरांचा खेळ त्याच परंपरेतला. इंग्रजीतल्या सुमारे 12 हजार पाच अक्षरी शब्दांतून लोकांच्या ओळखीचे सुमारे अडीच हजारच उत्तरांसाठी निवडण्यात आले. ही निवड मला महत्त्वाची वाटते. अर्थ ठाऊक नसलेला शब्द अक्षरे जुळवून सापडला तरी त्याचा आनंद होत नाही, हे त्या निवडीमागचे शहाणपण आहे.

अमेरिकेत 1925 पासून चालत आलेल्या राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धेतही हेच दिसते. 1985 मध्ये बालू नटराजन ही स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय वंशाचे विजेते ठरले, आणि त्यानंतर भारतीय घरांतल्या मुलांनी ती गाजवली. मंचावरचे मूल अक्षरे सांगण्याआधी दोन प्रश्न हमखास विचारते : शब्दाचा अर्थ काय, आणि तो कोणत्या भाषेतून आला. ‘फ’चा ध्वनी ऐकू आला आणि शब्द ग्रीक असल्याचे कळले, तर तेथे पी-एच असणार, इटालियन असेल तर एफ. म्हणजे आपला संग्रह ज्या वाटेने अक्षरांकडून मुळाकडे जातो, तीच वाट ही मुले उलट दिशेने, मुळाकडून अक्षरांकडे चालतात.

एखादे अक्षर किती खोल रुजलेले आहे हे ते काढून टाकल्यावरही कळते. अर्नेस्ट व्हिन्सेंट राइटने 1939 मध्ये ‘गॅड्सबी’ ही 50 हजारांहून अधिक शब्दांची कादंबरी एकही ई न वापरता लिहिली. चुकून बोट पडू नये म्हणून त्याने टंकयंत्राची ती कळ बांधून ठेवली होती. जॉर्ज पेरेकने 1969 मध्ये फ्रेंचमध्ये तसेच केले, आणि गिल्बर्ट अडेरने त्या कादंबरीचा इंग्रजी अनुवादही ईविना केला.

आता प्रत्यक्ष शोधाविषयी. शब्द अर्धवट आठवत असेल तर ठाऊक अक्षरे त्यांच्या जागी लिहा आणि न ठाऊक असलेल्या जागी टिंब द्या. संगणकावरही हाच संकेत चालतो. 1973 च्या सुमारास केन थॉम्पसनने बेल लॅब्जमध्ये लिहिलेल्या ‘ग्रेप’ या आज्ञेपासून तो घरोघरी पोचला. जागा ठाऊक नसून अक्षरे तेवढी ठाऊक असतील, तर ती वर्णानुक्रमे लावा. ‘लिसन’ म्हणजे ऐकणे, ‘सायलेंट’ म्हणजे शांत, ‘एन्लिस्ट’ म्हणजे भरती होणे आणि ‘टिन्सेल’ म्हणजे झगमगीत पट्ट्यांची सजावट, हे चारही शब्द अशा रीतीने लावले तर ई-आय-एल-एन-एस-टी या एकाच क्रमात येतात. शोध नेहमी विरळ अक्षरापासून सुरू करा. ई असलेले शब्द शोधून काही हाती लागत नाही. क्यू, झेड, एक्स किंवा जे असेल तर उमेदवार थोडे उरतात. आणि जोड्या पाहा, कारण एकट्या अक्षरापेक्षा जोडी शब्दाच्या घराण्याविषयी अधिक सांगते.

यंत्र हे शोधकाम क्षणात करते, मग छापील संग्रह कशाला, असे कोणी विचारेल. यंत्र अक्षरे जुळवून शेकडो शब्दांची यादी देते, पण त्यांतले कोणते शब्द एका मुळाचे आणि कोणते केवळ योगायोगाने शेजारी आलेले, हे ती यादी सांगत नाही. ‘नाइट’ आणि ‘डिलाइट’ तिला सारखेच. शिकणाऱ्याला तो भेद कोणीतरी दाखवावा लागतो. म्हणून येथे शब्द निवडताना तीन कसोट्या लावल्या : तो प्रमाण कोशात असावा, त्याचा अर्थ मराठीत एका ओळीत स्वच्छ सांगता यावा, आणि त्याच्या अक्षरांतून काही शिकता यावे. व्युत्पत्तीविषयी जेथे जाणकारांत मतभेद आहेत तेथे मूळ दिलेले नाही. उच्चार देवनागरीत दिले आहेत, पण देवनागरी इंग्रजीचे सगळे स्वर दाखवू शकत नाही. तेव्हा शब्द एकदा ऐकूनही घ्यावा.

शिक्षकांना एक विनंती. यातला एक गट घेऊन वर्गात एक तास द्या. फळ्यावर के-एनचे पाच शब्द लिहा, अर्थ मुलांकडून काढून घ्या, मग शेजारी ‘जानु’ आणि ‘ज्ञान’ लिहा. वाचकांनाही विनंती, की हे पुस्तक सलग वाचू नका. एक अक्षर निवडा, त्याचे शब्द अर्थासह वाचा, आणि त्या आठवड्यात वर्तमानपत्रात किंवा पुस्तकात तशा ठेवणीचा जो नवा शब्द भेटेल तो समासात लिहून ठेवा. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्यासाठी कोरी पाने ठेवली आहेत. ती तुमच्या अक्षराने भरावीत.